पाठीतला स्टिम्युलेटर: पायाची कळ कमी झाली, पण आता बॅटरीच रुतते. कुणाला अनुभव आहे का?

सांजसावली

मंडळी, माझ्या पाठीत स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर बसवून वर्ष होऊन गेलं. ज्यांना हे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मणक्याच्या पोकळीत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक वायरी सरकवतात, त्यांना लीड म्हणतात, टोकाला इलेक्ट्रोड असतात, आणि त्या वायरी कातडीखालून आणून एका बॅटरीला जोडतात. माझी बॅटरी उजव्या कुल्ल्याच्या वरच्या भागात आहे. ती बारीक करंट सोडत राहते आणि पायाचं दुखणं मेंदूपर्यंत जाता जाता बरंच दबतं.

माझं एल ४-एल ५ चं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचं, ऑपरेशन दोनदा झालंय. दुसऱ्यानंतरही डाव्या पायात कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत आग आणि कळ, रात्री पायाला चादर लागली तरी सहन व्हायचं नाही, गोळ्यांनी गुंगी यायची पण दुखणं तिथेच. स्टिम्युलेटरनंतर ती कळ निम्म्याहून खाली आली हे मी आधीच सांगून टाकते, मी परत नोकरीवर जाऊ शकले ते त्याच्यामुळेच.

पण बॅटरी रुतते हो. परकराची नाडी नेमकी तिच्या वरच्या कडेवरून जाते, दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठतो आणि संध्याकाळी नुसता कपडा घासला तरी हुळहुळतं. साडी सोडून पंजाबी ड्रेसवर आले, तर इलॅस्टिकही तिथेच. डोंबिवलीहून लोकलने जाते, सकाळी चौथी सीट मिळाली तर मिळाली, आणि चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असतं, सगळा भार एकाच कुल्ल्यावर. तो उजवा आला की बॅटरीची कड आणि हाड यांच्यामध्ये मांस चिमटल्यासारखं होतं, ठाणं येईपर्यंत मी उठून उभीच राहते. उजव्या कुशीवर झोपणं बंदच आहे. चार्जिंग करताना बेल्ट लावून बसायचं, मे महिन्यात तर घामाने आणि चार्जरच्या गरमीने ती जागा भाजल्यासारखी होते.

तपासणीला गेलं की मशीन लावून बघतात, वायरी जागेवर, बॅटरी व्यवस्थित, सगळं ओके. घरचे म्हणतात एवढे पैसे घातले, ऑपरेशन यशस्वी झालं, आता परत काय. त्यांचंही चुकीचं नाही, माझ्या दुखण्यात सगळं घर भरडलंय. पण मला बोलायचंय ते हेच, की यंत्राने फायदा होतो हेही खरं आणि यंत्राचा त्रास होतो हेही खरं, आणि दुसरं बोललं की पहिल्याबद्दल कृतघ्न आहोत असं का वाटावं? तुमच्यापैकी कुणाला असं होतं का, काय करता, आणि कुठपर्यंत सहन करायचं?

कोकणकडा७१

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला वाटायचं मलाच होतंय. माझं बसवून चार वर्षं झाली, बॅटरी डाव्या बाजूला कंबरेच्या मागे. पँटचा पट्टा बरोबर तिच्यावर. मी पट्टा सोडला आणि गॅलिस लावायला लागलो, वरून शर्ट बाहेर, कुणाला कळत नाही. घरी लुंगी, पण गाठ पुढे आणि सैल.

झोपण्याचं म्हणाल तर एका उशीचा कापूस काढून मध्ये खळगा केलाय, बॅटरी त्या खळग्यात येते. बाजारात गोल भोक असलेली मिळते ती माझ्या उपयोगाची नाही, भोक मध्यभागी असतं आणि आपली बॅटरी बाजूला.

मला एक वेगळाच त्रास आहे, उताणं झोपलो की करंट एकदम वाढल्यासारखा वाटतो, मांडीत मुंग्यांचा लोंढा येतो. शिंक आली किंवा जोरात खोकला आला तर पायात झटका. सुरुवातीला घाबरलो होतो वायर तुटली म्हणून. हे नॉर्मल आहे का कुणी सांगेल का?

उर्मिलाकाकू

सांजसावली, वाचून जीव कळवळला गं. माझ्या जावेला गुडघ्यात वाटी बसवल्यावर असंच टोचायचं, तिने रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतला आणि नारायण तेलाने मालिश, तीन महिन्यांत मोकळी झाली. तू पण करून बघ, नुकसान तर नाही. आणि आमच्या इथे फिजिओकडे शेकाचं मशीन असतं, आतपर्यंत ऊब जाते, तेही छान.

फिजिओ_तेजश्री

काकू, तुमचा हेतू मला कळतोय पण इथे थांबवावं लागेल, आणि सांजसावली, कोकणकडा काका, तुम्ही दोघांनी हे नीट वाचा.

काकू म्हणतात ते शेकाचं मशीन म्हणजे बहुतेक ठिकाणी शॉर्टवेव्ह डायथर्मी. स्टिम्युलेटर बसवलेल्या माणसाला डायथर्मी कधीच द्यायची नाही. शॉर्टवेव्ह नाही, मायक्रोवेव्ह नाही, उपचाराचं अल्ट्रासाऊंडही नाही. पाठीवर नाही आणि खांद्यावर किंवा गुडघ्यावरही नाही. त्या मशीनची ऊर्जा शरीरातल्या वायरींमधून जाऊ शकते आणि इलेक्ट्रोडच्या टोकाशी, म्हणजे मज्जारज्जूला लागून, उष्णता तयार होते. त्याने कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. यंत्र बंद करून ठेवलं तरी धोका तसाच. आपल्याकडे गल्लीगल्लीत शेकाची मशीन आहेत आणि खांदा धरला म्हणून गेलेल्या माणसाला पाठीत काय आहे हे कुणी विचारतंच असं नाही, म्हणून तुम्ही स्वतः दारातच सांगायचं. सोनोग्राफी वेगळी, ती तपासणीची असते, तरी तिथेही आधी यंत्राचं ओळखपत्र, म्हणजे आपलं कार्ड, दाखवायचं आणि प्रोब थेट बॅटरीवर दाबू द्यायचा नाही.

गरम पिशवी थेट बॅटरीवर ठेवू नका, वरची कातडी पातळ असते, लवकर भाजते. मालिश बॅटरीवर आणि पाठीच्या चिऱ्यावर नको, हाताने चोळून बॅटरी आत फिरल्याच्या आणि उलटी झाल्याच्या केसेस असतात, मग चार्जरच जुळत नाही.

आता काय करता येईल ते. लोकलमध्ये किंवा ऑफिसात बसताना घडी घातलेला नॅपकिन बॅटरीच्या खाली ठेवू नका, दुसऱ्या कुल्ल्याखाली ठेवा, म्हणजे बॅटरीकडच्या बाजूवरचा भार जरा कमी होतो. फार जाड नको, नाहीतर कंबर वाकडी होऊन वेगळंच दुखणं. तास-अर्ध्या तासाने उठा. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या, चार बोटं रुंद, हुक बाजूला पण बॅटरीच्या विरुद्ध. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी तो कंबरेच्या बराच वर नेसता येईल असा शिवून घेतला, नाडीचा जाच संपला.

आणि नवीन बसवलेल्यांसाठी एक. पहिले सहा ते आठ आठवडे वाकणं, पिळणं, वजन उचलणं आणि हात डोक्याच्या वर नेणं टाळा असं सांगतात. आपल्या घरात यातलं सगळ्यात फसवं काम म्हणजे छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणं. बायकांना ते कामच वाटत नाही. पण ओली चादर काठीच्या टोकावर घेऊन वर ढकलताना हात पूर्ण वर, मान मागे, पाठ ताणलेली आणि वर वजन, म्हणजे जे जे करू नका सांगितलं ते सगळं एका झटक्यात. वायरींभोवती अजून व्रणाची पेशी धरलेली नसते तेव्हा त्या सरकतात. कपडे दुसऱ्या कुणीतरी घालायचे, विषय संपला.

उर्मिलाकाकू

अगं बाई, मला खरंच माहीत नव्हतं हे. बरं झालं सांगितलंस तेजश्री. शेजारच्या वहिनींनाही सांगते, त्यांच्या दिरांना असंच काहीतरी बसवलंय.

भूलतज्ज्ञ

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आता मुख्यतः वेदनाचिकित्सेचं काम करतो. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहितो.

आधी कोकणकडा काकांचं. उताणं झोपल्यावर करंट वाढल्यासारखा वाटणं हे अगदी अपेक्षित आहे. मज्जारज्जू पाण्यात, म्हणजे सेरेब्रोस्पायनल द्रवात असतो. उताणं झोपलं की तो गुरुत्वाने मागे सरकतो, म्हणजे मागच्या बाजूला असलेल्या इलेक्ट्रोडच्या जवळ. मधला द्रवाचा थर पातळ झाला की तोच करंट जास्त जाणवतो. उभं राहिलं की उलट. खोकताना, शिंकताना क्षणभर तसंच होतं. झोपण्याआधी रिमोटने करंट थोडा कमी करा, किंवा झोपायचा वेगळा प्रोग्रॅम बनवून मागा, तो बनवता येतो. काही मॉडेलमध्ये शरीराची स्थिती ओळखून करंट आपोआप बदलतो. आणि ज्यांना मुंग्या जाणवतात अशा सेटिंगवर आहात त्यांनी गाडी चालवताना यंत्र बंद ठेवावं, अचानक झटका आला तर ब्रेकवरचा पाय हलतो.

आता सांजसावली ताई. तुम्हाला जे होतंय त्याला आम्ही पॉकेट पेन म्हणतो. बॅटरीसाठी कातडीखाली जी जागा करतात ते पॉकेट. हे दुर्मिळ नाही आणि काल्पनिक तर अजिबात नाही. चार्जिंगवाली बॅटरी फार खोल ठेवता येत नाही, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल गेली की चार्जर जुळायला त्रास होतो. उथळ ठेवावी तर हाताला लागते, कपड्याला घासते. न चार्ज होणारी बॅटरी जरा खोल ठेवता येते पण ती आकाराने मोठी असते आणि काही वर्षांत बदलावी लागते, म्हणजे परत ऑपरेशन.

कारणं बरीच असतात. बॅटरीची कड कमरेच्या हाडाला टेकत असेल. वजन घटलं असेल तर वरची चरबी जाऊन बॅटरी उघडी पडल्यासारखी होते. तिथून कातडीला जाणाऱ्या बारीक नसा असतात, कमरेच्या हाडाच्या कडेवरून खाली उतरणाऱ्या, त्यातली एखादी चिऱ्याच्या व्रणात अडकलेली असू शकते. ही शेवटची ओळखायची खूण अशी की एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर टिचकी मारली की चमक निघते आणि पसरते. तसं असेल तर तिथे बधिरतेचं इंजेक्शन देऊन बघता येतं, पण ते निर्जंतुक पद्धतीने आणि अशा यंत्रांची माहिती असलेल्यानेच, कारण सुई वायरीला लागता कामा नये आणि पॉकेटमध्ये जंतू जाता कामा नयेत. लिडोकेनचा पॅच, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी, कातडी धड असेल तर काहींना चालतो. आणि या सगळ्याने भागलं नाही तर बॅटरीची जागा बदलण्याचं ऑपरेशन असतं. वायरी तशाच ठेवून फक्त पॉकेट बदलतात.

मशीन लावून 'ओके' आलं म्हणजे वायरीतला अडथळा, ज्याला इम्पिडन्स म्हणतात, तो ठीक आहे आणि बॅटरी चालू आहे एवढंच कळतं. त्या तपासणीत पॉकेट दुखतंय का हे येतच नाही. तेव्हा पुढच्या वेळी कपडा बाजूला करून हात लावून बघा म्हणून स्पष्ट सांगा, उभं राहून, बसून आणि वाकून तिन्ही वेळा.

कुठपर्यंत सहन करायचं याचं उत्तर: घासणं, रुतणं, थकल्यावर ठसठसणं यासाठी अपॉइंटमेंट घेऊन गेलात तरी चालेल. पण तिथे लाली पसरत असेल, गरम लागत असेल, सूज किंवा पाणी धरल्यासारखं मऊ लागत असेल, चिऱ्यातून स्राव येत असेल, ताप असेल, किंवा कातडी इतकी पातळ झाली असेल की बॅटरीची कड चकाकते, तर त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक मेडिकलमधून आणून खात बसू नका. पायातली ताकद अचानक कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला तर थेट इमर्जन्सी, रात्र असली तरी.

सांजसावली

डॉक्टर, तुमचं वाचून मी आत्ता आरशासमोर उभी राहून बघितलं. टिचकीचं म्हणताय ते अगदी तसंच होतंय! वरच्या कडेला एकच जागा आहे, तिथे टिचकी मारली की खाली मांडीच्या बाजूपर्यंत चमक जाते. आणि ऑपरेशननंतर माझं वजन बरंच उतरलंय, चालायला लागले म्हणून सगळे कौतुक करतात, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. अपॉइंटमेंट घेते.

अनघा_सोलापूर

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. कुणाला निराश करायचं नाही, पण हा धागा उद्या कुणीतरी निर्णय घ्यायच्या आधी वाचेल म्हणून लिहिते.

मी माझं यंत्र काढून टाकलं. मला पायापेक्षा कंबरदुखी जास्त होती. ट्रायलच्या, म्हणजे कायमचं बसवण्याआधी तात्पुरतं लावून बघतात त्या दिवसांत फार बरं वाटलं, नाचले असते इतकं. कायमचं बसवल्यावर पहिलं वर्ष ठीक, मग हळूहळू परिणाम ओसरला. प्रोग्रॅम बदलून बघितले, वाढवून बघितलं, करंट बरगडीत जाणवायला लागला, एक्स-रेत दिसलं वायर सरकलीय. परत ऑपरेशन करून नीट करू म्हणाले. तोवर बॅटरीच्या जागेची ठसठस मूळ दुखण्याएवढी झाली होती. मी नको म्हटलं. काढायला सांगितलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही, सासूबाई म्हणाल्या सोन्यासारखे पैसे पाण्यात. पैशाचं दुःख मलाही आहेच ना. पण अंग माझं आहे, रात्रभर त्याच्यावर झोपायचं मला आहे. काढल्यावर कंबरदुखी पूर्वीएवढीच आहे, पॉकेटची ठसठस मात्र गेली, आणि मी व्यायाम आणि पोहण्यावर आलेय. मला त्या निर्णयाचं वाईट वाटत नाही.

सांजसावली, तुला फायदा होतोय तर तू जरूर ठेव. फक्त काढता येतं हेही माहीत असू दे, कुणी सांगत नाही.

भूलतज्ज्ञ

अनघाताईंनी लिहिलं ते महत्त्वाचं आहे आणि प्रामाणिकपणे त्याला जोडून लिहायला हवं.

ही कल्पना आली १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या गेट कंट्रोल सिद्धांतातून. स्पर्शाच्या जाड नसा उद्दीपित केल्या तर मज्जारज्जूतलं दार दुखण्यासाठी ओढून घेतलं जातं, आपण ठेच लागली की चोळतो तेच. १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा माणसात असं यंत्र बसवलं. म्हणजे अर्धशतकाहून जुनी गोष्ट आहे. तरीही कुणाला आणि किती फायदा, यावर आजही वाद आहे. २०२२ मध्ये नॉर्वेतला ५० रुग्णांचा एक अभ्यास जामा या नियतकालिकात आला, मणक्याच्या ऑपरेशननंतर पायात कळ राहिलेले रुग्ण, यंत्र आळीपाळीने चालू आणि बंद ठेवलं, रुग्णाला कळू न देता, बर्स्ट पद्धतीने, म्हणजे करंटच्या ठोक्यांचे छोटे झुबके सोडून. दोन्हींत ठोस फरक दिसला नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानेही, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालानेही, कंबरदुखीसाठी हे यंत्र संशोधनाबाहेर वापरायला पुरावा पाठिंबा देत नाही असं म्हटलं. दुसऱ्या बाजूला १० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा हजार ठोक्यांच्या आणि मुंग्या न येणाऱ्या पद्धतीचे, चांगले निकाल आलेले अभ्यासही आहेत आणि माझ्यासमोर सांजसावलींसारखे नोकरीवर परतलेले लोक आहेत. वेदनाचिकित्सक म्हणून मला दोन्हींकडे बघावं लागतं. म्हणूनच ज्यांना फायदा नाही आणि त्रास आहे त्यांनी काढायचं म्हटलं तर त्यात हट्टीपणा नाही.

रॅलेतून_राधिका

इथे नॉर्थ कॅरोलायनात माझ्या सासऱ्यांना डायबेटिक न्यूरोपॅथीसाठी, म्हणजे डायबेटिसने नसा खराब होऊन होणाऱ्या दुखण्यासाठी, बसवलंय, १० किलोहर्ट्झवालं. इथे त्यासाठी एफडीएची, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, मंजुरी २०२१ मध्ये आली. पायांची आग खूप कमी झाली, रात्री झोपतात. पण चार्जिंग जवळपास रोज, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला तो बेल्ट मागे नेमका जुळवणं म्हणजे परीक्षा. आम्ही उपाय केला तो असा, त्यांच्या बनियनवर बॅटरीच्या जागी लाल दोऱ्याने टाका घातलाय, चार्जर त्याच्यावर ठेवायचा. सुती बनियन मध्ये असला की गरमही कमी लागतं. चार्जिंग लावून झोपू नका असं त्यांना दर वेळी सांगतात, झोपेत गरम झालेलं कळत नाही, आणि डायबेटिसवाल्यांना तर आधीच बधिरपणा.

आणखी एक, २०२० च्या सप्टेंबरमध्ये एफडीएने डॉक्टरांना पत्र काढलं होतं की कायमचं बसवण्याआधी ट्रायल कराच. आधीच्या चार वर्षांत या यंत्रांबद्दल त्यांच्याकडे लाखाहून जास्त तक्रारवजा रिपोर्ट आले होते. म्हणजे सांजसावली, बोलणारी तू एकटी नाहीस गं.

सासरे भारतात आले तेव्हा विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी मागितली, सीआयएसएफच्या माणसाने बाजूला घेऊन नीट केली. हातातलं डिटेक्टर बॅटरीवर धरून ठेवू नका एवढं आधीच सांगायचं.

कोकणकडा७१

डॉक्टर, धन्यवाद, आता निर्धास्त झोपेन. राधिकाताईंनी डिटेक्टरचा विषय काढला म्हणून, देवळाच्या आणि मॉलच्या दारातल्या चौकटीतून जाताना मला मुंग्या वाढल्याचं जाणवलंय. मी बाजूने सोडा म्हणतो, नाहीच सोडलं तर रिमोटने बंद करून मधोमध पटकन पार होतो, रेंगाळत नाही. मोठ्या देवस्थानी गर्दीत ढकलाढकलीत चौकटीतच अडकायला होतं, तिथे कार्ड शर्टच्या वरच्या खिशात ठेवायचं, पाकिटातून शोधत बसायला वेळ मिळत नाही.

वारणाकाठ

माझ्या बाबांना हे सुचवलंय, वय ६३, मणक्याचं ऑपरेशन होऊन पायाची कळ राहिलीय. धागा पहिल्यापासून वाचला. बाबा शेतात जातात, ट्रॅक्टर चालवतात, मोटारसायकल. ट्रायल म्हणजे नक्की काय असतं आणि आम्ही काय बघायचं? आणि पुढे एमआरआय लागला तर?

भूलतज्ज्ञ

ट्रायलमध्ये वायरी सुईने आत सरकवतात पण बॅटरी बाहेर, कमरेला पट्ट्यात. साधारण पाच ते सात दिवस. दुखणं निदान निम्मं कमी व्हावं ही नेहमीची अपेक्षा. पण नुसता आकडा विचारू नका, बाबा किती चालले, किती झोपले, गोळ्या किती घेतल्या हे लिहून ठेवा. आणि लक्षात घ्या की ट्रायलमध्ये पायाचा फरक कळतो, पॉकेटचा त्रास कळत नाही, कारण पॉकेट तेव्हा नसतंच. तो भाग कायमचं बसवल्यावरच समोर येतो, म्हणून त्याबद्दल आधी बोलून घ्या.

एमआरआय मॉडेलवर अवलंबून आहे. बऱ्याच नव्या यंत्रांत काही अटींवर करता येतो, यंत्र एमआरआय मोडवर टाकून. कार्ड आणि मॉडेलची माहिती एमआरआय सेंटरला आधी द्यायची, ऐनवेळी नाही. कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला सांगायचं, रक्त थांबवायला करंटचं कॉटरी वापरतात त्याचा संबंध येतो. ट्रॅक्टरचे हादरे आणि वारंवार वाकून वळणं याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणी बोला, सुरुवातीचे महिने तर नकोच.

सांजसावली

जाऊन आले. या वेळी डॉक्टरांना म्हटलं मशीन नंतर लावा, आधी हात लावून बघा. त्यांनी बसवून, वाकवून बघितलं, बोटाने एकेक जागा दाबत गेले, त्या कडेच्या जागेवर आल्यावर मी ओरडलेच. म्हणाले नस अडकलेली असण्याची शक्यता आहे, शिवाय वजन उतरल्यामुळे बॅटरीची वरची कड हाडाजवळ आलीय. आधी पॅच देऊन बघू, मग इंजेक्शन, आणि नाहीच जमलं तर जागा खाली सरकवू, म्हणजे नाडी आणि बसायची जागा दोन्ही चुकतील अशी. झोपायचा वेगळा प्रोग्रॅमही करून दिला.

पॅच लावायला लागून थोडे दिवस झाले. चमक कमी आहे, रुतणं आहे तसंच. तेजश्री, चार बोटं पट्टीचा परकर शिवून घेतला, बराच वर नेसते, वळ उठायचा थांबलाय. लोकलमध्ये नॅपकिन डाव्या बाजूला. मिस्टर बरोबर आले होते, डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं की हा त्रास खरा आहे, त्यावर उपाय करायचाय. येताना गाडीत ते स्वतःहून म्हणाले, ऑपरेशन परत करावं लागलं तर करू, सुट्टी काढतो. मला एवढंच हवं होतं. अनघा, तुझं लिहिणं मी त्यांना वाचायला दिलं होतं, फार उपयोग झाला.

अनघा_सोलापूर

छान वाटलं गं. इंजेक्शनचं काय होतं ते लिही.

वारणाकाठ

ताई, बाबांची ट्रायल ठरतेय. चांगली गेली तर बॅटरी कुठे बसवायची हे आपण सांगू शकतो का, की डॉक्टरच ठरवतात?

सांजसावली

ठरवतात डॉक्टरच, वायरीची लांबी आणि चार्जिंग त्यांना बघायचं असतं, पण विचारतात आणि नाही विचारलं तर आपण सांगायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांना रोजची पँट पट्ट्यासकट घालून न्या. पट्टा कुठे येतो, खुर्चीवर आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसतात तसं बसल्यावर भार कुठे येतो, कुठल्या कुशीवर झोपतात, बाइकवर बसताना काय टेकतं, हे सगळं उभं राहून आणि बसून दाखवा आणि मार्करने खूण करून घ्या. टेबलावर पालथं झोपवलं की पट्टा कुठे येतो ते कुणालाच दिसत नाही. चार्ज होणारी घेणार असाल तर बाबांचा हात तिथपर्यंत सहज पोचतो का तेही बघा. आणि सैल चड्डी-पायजमे आत्ताच शिवायला टाका, ऑपरेशननंतर शिंप्याकडे जायला जमत नाही.